माका लावणारी सुगंधा

सुगंधा, तुझ्या तेराव्याला माका विकत आणावा लागला.

भटजींनी सामानात माक्याची पानं सांगितली होती. वैशाखाच्या उन्हानं आपला वाफा करपून गेलेला. म्हणून तुझा मुलगा महेश ठाण्याच्या बाजारात गेला आणि फुलवाल्याकडून ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक जुडी घेऊन आला. मी त्यातलं एक पान चुरडून बोटाला लावलं. बराच वेळ थांबले, खऱ्या माक्यानं होतं तसं बोट काही काळं होईना. जुडी सोडून बघितली तर निम्मा पाला भलताच कसला तरी. मला हसू फुटलं. पाटावर बसलेला महेश, भटजी, तुझ्या जावा, सगळे माझ्याकडे बघायला लागले. तू असतीस तर पहिली बस पकडून त्या फुलवाल्याला गाठलं असतंस आणि त्याच्या टोपलीपाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला माका कसा ओळखायचा ते शिकवलं असतंस. मी गप बसून खरी पानं तेवढी निवडली आणि भटजींपुढे ठेवली.

त्या दिवशी लोक तुझ्याबद्दल पुष्कळ बोलले. मनमिळाऊ होती म्हणाले, शांत होती म्हणाले. शांत! मी शेजारी बसलेल्या यमुनाकडे बघितलं, तर तिनं पदर तोंडाशी धरलेला. आम्हा दोघींना त्यात तू कुठे दिसलीच नाहीस. घरी आले आणि ठरवलं, तुझ्याशीच बोलायचं.

आपलं नातं घरमालकीण आणि भाडेकरणीचं. ह्यांना महाप्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली, कोपरखैरण्यातला फ्लॅट ताब्यात यायला अवकाश होता, म्हणून कराडहून येऊन आम्ही तळवलीत तुमच्या मागच्या दोन खोल्या घेतल्या. नव्वद सालानंतरचे ते दिवस. रस्त्याच्या पलीकडे नव्या मुंबईच्या सेक्टरांतल्या इमारतींचे खांब उभे राहात होते आणि तुमच्या गावात अजून भाताचा पेंढा रचलेला दिसायचा. पुढे आम्ही आमच्या फ्लॅटमध्ये गेलो, मीनल शाळेत जायला लागली, तरी तू कुणालाही माझी ओळख करून देताना "ही माझी भाडेकरीन" असंच सांगायचीस. एकदा मी चिडून म्हटलं, आता तरी मैत्रीण म्हण. तू म्हणालीस, "मैतरनी पायलीला पन्नास. भाडेकरीन एकच हाय."

मीनल तान्ही होती तेव्हाची गोष्ट. बाळंतपणानंतर माझे केस मुठीमुठीनं जायचे. सकाळी मागच्या दारी बसून विंचरायचे आणि केसांची गुंतवळ पटकन पदराखाली दडवायचे. गावाकडे माझ्या वेणीचं कौतुक होतं ना, त्यामुळे लाज वाटायची. तू आडातून पाणी काढता काढता रोज बघत होतीस. एक दिवस कळशी तशीच ठेवून गेलीस आणि नव्या शहरासाठी जमिनी गेल्यावर तुमच्या राहिलेल्या तुकड्याच्या बांधावरून पदरात पाला घेऊन आलीस. खरखरीत, लांबट पानं, जमिनीसरशी पसरणाऱ्या तांबूस दांड्या आणि टोकाला शर्टाच्या बटणाएवढं पांढरं फूल. मी म्हटलं, हा तर माका. आमच्याकडे पाटाच्या कडेला असतो. तू जरा हिरमुसलीसच. तुला वाटलं होतं, हे फक्त तुमच्या गावचं.

मग आपण दोघींनी मिळून तेल करायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी आपलं भांडण झालं. तू खोबरेलाचा डबा काढलास. मी म्हटलं, माका तिळाच्या तेलातच कढवायचा, माझी आई तसंच करते. तू म्हणालीस, तीळ संक्रांतीला, डोक्याला खोबरेल. मी थंड-उष्ण सांगत बसले, तू खाडीच्या दमट हवेचं सांगत बसलीस. शेवटी घर तुझं, चूल तुझी, म्हणून खोबरेल. हे भांडण आठ वर्षं चाललं, सुगंधा, आणि मी अजून हरलेले नाही. तू मध्येच उठून गेलीस एवढंच.

पहिलं तेल खवट झालं. तू ते कबूल करेनास, झाकण उघडून वास घ्यायचीस आणि म्हणायचीस, असाच असतो. मग मी आईला विचारून आले. रसातलं पाणी पूर्ण आटलंय की नाही ते बघायला कापसाची वात त्यात बुडवून पेटवायची. तडतडली तर पाणी आहे, शांत जळली तर तेल झालं. दुसऱ्या खेपेला वात अगदी समईसारखी जळली. तू हात जोडलेस. आपली बोटं पाल्याच्या रसानं निळी-काळी झाली होती आणि तो डाग लिंबानं घासूनही निघेना. त्या आठवड्यात गावातल्या हळदीला तू तशाच हातांनी गेलीस. जावेनं विचारलं तर म्हणे, शाई लागली, शाळेत जाते.

माझे केस जायचे माक्यानं थांबले की आपोआप थांबले, देव जाणे. तू मात्र कधी छाती ठोकून सांगितलं नाहीस. पण मी नव्या फ्लॅटमध्ये गेल्यावर आमच्या जिन्यातल्या बायकांनी बाटली मागितली, त्यांच्या बहिणींनी मागितली, आणि बघता बघता तुझ्या पडवीत मोठी कढई चढली. तळवलीतल्या दोघी-तिघी, आमच्या सोसायटीतल्या मी आणि एक जोशीकाकू, आणि दिघ्याहून येणारी यमुना. यमुनाच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला. आमच्यासाठी ते तेल म्हणजे हाताला काम होतं, तिच्यासाठी चूल होती.

आणि तुझ्यासाठी? तुला काय गरज होती? तुझ्या नवऱ्याचा, दादांचा, रेती-विटांचा धंदा जोरात होता. दारात ट्रक उभा. गावात बोलणं सुरू झालं की पाटलाची सून तेल विकते. तुझ्या दिरानं तर दादांना जेवता जेवता सुनावलं. तू भाकरी वाढत होतीस. तू म्हणे एवढंच विचारलंस, की जमीन गेल्यापासून या घरातल्या बायांनी हातानं काय उगवलंय ते सांगा, मग मी कढई उतरवते. कढई उतरली नाही. हे मला दादांनीच नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

तेलाला वास घालायचा नाही, रंग घालायचा नाही, हा तुझा हट्ट. दुकानदार म्हणायचे, नाव सुगंधा आणि तेलाला रानटी वास, बाई, थोडं मोगऱ्याचं टाका की. सोसायटीतल्या बायकाही तेच म्हणायच्या. मीही म्हणायचे. तू ऐकून घ्यायचीस आणि दुसऱ्या दिवशी तसंच उग्र, हिरवट काळं तेल भरायचीस. मला तेव्हा वाटायचं, हा नुसता आडमुठेपणा. पुढे कळलं की ज्याला तू एकदा हो म्हणायचीस, त्याचं सगळं तुला अंगावर घ्यायचं असायचं. म्हणून तू हो म्हणायला वेळ लावायचीस.

मग तुमच्या त्या शेवटच्या तुकड्यात मुरूम पडला. रस्ता जाणार होता तिथून. डंपर येत होते आणि तू बांधावर उभी होतीस. भाताचं शेत तू आधीच सोडून दिलं होतंस मनानं, पण बांधावरचा माका बुजताना बघून तुझे डोळे भरले, ते मी पाहिलं. तू म्हणालीस, माका पन गेला.

त्याच वर्षी दिवाळीसाठी सगळ्यात जास्त मागणी आली. अभ्यंगाला सुगंधाताईंचं तेल हवं म्हणून सेक्टरासेक्टरांतून निरोप. आणि माका कुठे? आपण ओहोळ शोधत हिंडलो, जुन्या मिठागरांच्या बाजूला गेलो, मूठभर मिळायचा. अशात यमुना गोण भरून माका घेऊन आली. काय माका होता तो! गुडघ्याला लागेल असा, पानं बोटभर रुंद, फुलंच फुलं. आपण सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. तिनं आणखी गोणी आणल्या. कढई उतरली की पुन्हा चढत होती. बाटल्या भरल्या, निम्म्या घरोघर गेल्यासुद्धा.

आणखी पाला हवा म्हणून एका सकाळी तू स्वतः यमुनाबरोबर गेलीस. दुपारी परत आलीस ती रिकामी गोण काखेत मारून. यमुना मागे, रडवेली. तू पडवीत बसलीस आणि आम्हाला सांगितलंस. कारखान्यांच्या मागच्या नाल्याचा काठ होता तो. तुम्ही गेलात तेव्हा नाल्याचं पाणी जांभळं वाहात होतं, आणि थोड्या वेळानं गंजासारखं. वासानं डोळे चुरचुरले. माक्याची मुळं त्याच पाण्यात होती.

आपल्यात जे बोलणं झालं ते मला शब्दन् शब्द आठवतं. जोशीकाकू म्हणाल्या, आपण पाला तीन-तीनदा धुतलाय. तळवलीची एक बाई म्हणाली, एवढं कढवल्यावर त्यात काय राहतंय. मी म्हटलं, हे ज्या कारखान्यात आहेत तिथं प्रयोगशाळा आहे, कुणी ओळखीचं तपासून देईल, आधी कळू दे तरी तेल खराब आहे की नाही. घाबरून बोभाटा केला तर आपलं नाव कायमचं जाईल.

तू माझ्याकडे बघितलंस. "तपासून येवस्तोवर किती बाया डोक्याला लावतील, उजू?"

"पण काही झालंच नसेल तर?"

"नसंल तर देवाची किरपा. पन आपन त्यांना काय सांगून इकलंय? बांधावरचा माका हाय म्हनून. हा बांधावरचा नाय. मी तेवढंच सांगनार."

यमुना म्हणाली, मी आणला पाला, माझी चूक, मी जाते सोडून. तू उठून तिच्या शेजारी जाऊन बसलीस. "पाला तू आनलास. कढई माझ्या दारात चढली. माझ्या दाराचं तुझ्यावर नाय टाकायचं." पुन्हा त्या विषयावर कुणी तिला बोललं नाही. कुणाची हिंमत नव्हती.

सुगंधा, मी अजूनही म्हणते की तपासून घ्यायला हवं होतं. तुझं खरं होतंच, पण माझंही अगदीच खोटं नव्हतं. पुढे ओळखीतून मी विचारलं तेव्हा लोक म्हणाले, असं घरगुती तेल कोण तपासणार, आणि नेमकं काय शोधायचं. त्यामुळे ते तेल बिघडलेलं होतं की चांगलं, ते आपल्याला कधीच कळलं नाही. तू त्याची खंत केली नाहीस. मी मात्र करत बसले.

दुसऱ्या दिवसापासून तू जिने चढायला लागलीस. मी बरोबर होते, कारण आमच्या भागातली घरं मला ठाऊक. तेव्हा बहुतेक इमारतींना लिफ्ट नव्हती. दिवाळी तोंडावर, घराघरात चकल्यांचा वास. बेल वाजवायची, बाईनं दार उघडलं की तू पदर खोचून सरळ सांगायचीस की तेल परत द्या, पाला नाल्यावरचा निघाला. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मी मध्येच सावरून घ्यायला जायचे, तसं काही गंभीर नाही हो, असं. तू मला जिन्यात थांबवून सांगितलंस की गंभीर हाय का नाय ते आपल्याला ठाव नाय, तर ते पन बोलू नको.

कुणी बाटली मुकाट्यानं आणून दिली. कुणी म्हणालं, अहो राहू दे, आम्ही काय मेलो नाही. त्यांच्याशी तू हुज्जत घालून बाटली घेतलीस. एका बाईनं तोंडावर दार आपटलं, वर आतून ओरडली की गावच्या लोकांकडून घेतलं की हे असंच. मला रडू आलं. तू दारावरची पाटी नीट वाचलीस आणि म्हणालीस, हिच्याकडं उद्या परत यावं लागंल, बाटली आतच राहिली. दुसऱ्या दिवशी गेलीसही. त्या बाईनं बाटली साखळीच्या फटीतून बाहेर दिली.

आणि ते तिसऱ्या मजल्यावरचं घर. म्हाताऱ्या आजींनी ते तेल नातवाच्या टाळूवर घातलं होतं, रोज. पोर सहा-सात महिन्यांचं. ते ऐकलं आणि पहिल्यांदाच तुझा चेहरा उतरलेला मी बघितला. आजी तुला नाही नाही ते बोलल्या. तू ऐकून घेतलंस. मग विचारलंस, बाळाला बघू का. आधी नाही म्हणाल्या, मग दिलं. तू त्याला मांडीवर घेऊन उजेडात त्याचं डोकं बघितलंस, कानामागं बघितलंस, आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे आजी आणि बाळ दोघांना घेऊन गेलीस. पुढे दिवाळीभर रोज संध्याकाळी तू त्या घरी जात होतीस, नुसतं बाळ बघायला. घरात लक्ष्मीपूजन होतं त्या दिवशीही. बाळाला काही झालं नाही. पुढे पुढे आजी चहा टाकून वाट बघायच्या. पण त्या दिवाळीत तू एक करंजी खाल्ली नाहीस, हे दादांनी मला सांगितलं. तू कुणाला सांगितलं नाहीस.

गोळा झालेलं तेल डब्यांत भरून माझ्या जुन्या खोलीत ठेवलं. ओतायचं तरी कुठे? नाल्याचं नाल्यात ओतायला तू तयार नव्हतीस. शेवटी दादांनी तोड काढली. स्लॅब टाकताना काँक्रीट चिकटू नये म्हणून सेंटरिंगच्या पत्र्यांना तेल लावतात, तिथं ते गेलं. आता या बिल्डिंगला केस येतील, असं ते म्हणाले, आणि त्या सगळ्या पंधरवड्यात तू पहिल्यांदा हसलीस.

मला वाटलं होतं, संपलं. कोण घेणार आता आपलं तेल? तू मात्र थंडीत माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, बाटलीवर चिठ्ठी लावायची. वर माझं नाव, खाली घराचा पत्ता, तळवली गावठान, मारुतीच्या देवळामागं. मी म्हटलं, नाव ठीक आहे, पत्ता कशाला, लोक भांडायला घरी येतील. "तेवढ्यासाठीच," तू म्हणालीस.

आणि माका कुठून आणायचा, याचं उत्तर तुझ्याकडे तयार होतं. सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेतला जो प्लॉट तुम्हाला मिळाला होता, त्यावर दादांना चार मजली इमारत उभी करायची होती. नकाशे झाले होते. तू म्हणालीस, मागचा कोपरा मला द्या, मी माका लावते. सगळं घर तुझ्यावर हसलं. लावायचा? माका? सासूबाईंनी जन्मभर भाताच्या खाचरातून तो निंदून बाहेर फेकला होता. त्या म्हणाल्या, उद्या म्हणशील हराळी पेरते. दादा तुझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. तुझं म्हणणं एवढंच होतं, की पानी आपल्या आडाचं, माती आपली, मंग मी दारात उभी राहून जे सांगीन ते खरं आसंल.

शेवटी एका सकाळी दादा मजुरांबरोबर प्लॉटवर गेले आणि चुन्यानं आखलेली इमारतीची रेघ स्वतः पायानं पुसून आत सरकवली. घरी येऊन तुला काही बोलले नाहीत. तू प्लॉटवर गेलीस तेव्हा तुला ते दिसलं. तू मला फोन केलास, फोनवर दोन मिनिटं तुझ्याकडून शब्दच येईना. मला वाटलं, कुणी गेलं की काय.

त्या पावसाळ्यात आपण चिखल केला, भाताचा करतात तसा. माक्याच्या कांड्या तोडून आडव्या दाबल्या. पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटली. श्रावण सरता सरता सगळा कोपरा बारक्या पांढऱ्या फुलांनी भरला आणि सासूबाई काठी टेकत बघायला आल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, दिसतो बरा. एवढं कौतुक त्यांनी तुझं आधी कधी केलं नसेल. गणपतीत भटजींच्या पत्रीसाठी अख्खं गाव तुझ्याकडे माका मागायला आलं. तू प्रत्येकाला आपल्या हातानं खुडून दिलास.

लोक परत आले, सुगंधा. सगळे नाही, पण आले. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी सगळ्यात आधी आल्या. मला वाटतं, त्या दिवाळीत तू जिने चढली नसतीस तर आपलं तेल आणखी दोनेक वर्षं चाललं असतं आणि मग कुणाला आठवलंही नसतं.

मग तुझं आजारपण. त्याबद्दल मला फार बोलायचं नाही. मुंबईच्या दवाखान्यात औषधं सुरू झाली आणि पहिल्या महिन्यातच तुझे केस गेले. गुडघ्यापर्यंत नाही, पण कमरेपर्यंत होते तुझे. तू आरशात बघून म्हणालीस, उजू, आता गुंतवळ लपवायची कटकट नाय.

त्या वर्षी वाशीला महिला मंडळाचं दिवाळीचं प्रदर्शन होतं आणि आपल्याला टेबल मिळालं होतं. आम्ही सगळ्यांनी तुला घरी राहायला सांगितलं. काळजी तुझी होती हे खरं, पण आणखी एक होतं. केसांच्या तेलामागे केस नसलेली बाई बसलेली बघून कोण थांबणार? हे कुणी बोललं नाही. तुला कळलंच. तू आलीस, डोक्यावरून पदर घेऊन बसलीस. गर्दी चांगली होती. दुपारी एक बाई आली, चांगली शिकलेली, बाटली हातात घेऊन म्हणाली की यानं केस खरंच वाढतात का हो. यमुना बोलायला पुढे झाली तेवढ्यात तू पदर मागे सारलास. दुपारच्या लख्ख उजेडात, एवढ्या बायकांमध्ये.

"माझे औषधानी गेले," तू तिला सांगितलंस. "तेलानी गेले नाय आनी तेलानी येनार पन नाय. हायेत ते सांभाळायला चांगलं हाय. माका मी लावलाय, तेल आमी कढवलंय. पटलं तर घ्या."

मग तिनं बाटली घेतली आणि तुला खाली वाकून नमस्कार केला. तू लाजून पाय मागे घेतलेस. मी पलीकडे सुटे पैसे देत होते, माझं कशात लक्ष राहिना. माझ्या शेजारच्या टेबलावर लोणची विकणारी बाई होती, तिनं विचारलं, कोण हो या? मी म्हटलं, माझ्या घरमालकीण. इतक्या अभिमानानं मी नवऱ्याचं नावसुद्धा कधी घेतलं नसेल. संध्याकाळपर्यंत तू पदर परत डोक्यावर घेतला नाहीस.

आणि शेवटचं बोलणं, फाल्गुनातलं. औषधं थांबवली होती. तू पडवीत खाटेवर पडलेली, डोक्यावर बारीक, मऊ लव आलेली. मी वाटीत तेल घेतलं आणि तुझ्या टाळूवर घालायला बसले. तू डोळे मिटून होतीस. मध्येच म्हणालीस, "बाटलीवरचं माझं नाव काढा आता."

मी हात थांबवला. म्हटलं, काहीतरीच काय. तुझ्याच नावावर लोक घेतात. तुझं नाव कायम राहील.

"मेलेल्या मानसाला जाब कोन इचारनार? लोकांनी बाटली घेऊन दारात यावं तर आत कोन? फोटो?" तू डोळे उघडलेस. "जित्या मानसाचं नाव लाव."

मी ऐकलं नाही. तुझी आठवण म्हणून तरी, असं काही बोलले. तू थकली होतीस, भांडण तिथंच राहिलं. आठवणीनं केसांना काय होतंय, एवढं पुटपुटून झोपलीस. माझा हात तुझ्या डोक्यावर तसाच होता. मला तेव्हा तुला सांगायचं होतं की तुझ्याबरोबर ते जिने चढले म्हणून मला माझ्यातली एक बाई भेटली, जी कराडहून आलेल्या त्या मुलीला ठाऊकच नव्हती. तुला उठवून काय सांगायचं, म्हणून नाही सांगितलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या तुझ्या पडवीत जमलो. पावसाळ्यात माका पुन्हा लावायचा, हे बोलायचीसुद्धा गरज पडली नाही, महेशनं आडाची मोटार दुरुस्त करून ठेवली आहे. जोशीकाकूंनी सुचवलं की आता बाटलीवर सुगंधाचा फोटो छापू, हार घातलेला. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, सगळ्यांना पटलं. दादासुद्धा दारातून हो म्हणाले. मग मी तुझं बोलणं सांगितलं, जसंच्या तसं. यमुना म्हणाली, मग नाव कुणाचं?

सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. नाव देणं म्हणजे काय, ते आम्ही त्या दिवाळीत बघितलेलं.

काल मी छापखान्यात जाऊन आले. चिठ्ठीवर आता माझं नाव, उज्ज्वला, आणि खाली आमच्या फ्लॅटचा नंबर, मजला, सेक्टर. रात्रीच्या जेवणाला ह्यांना सांगितलं तर म्हणाले, अगं, उद्या काही झालं तर लोक घरापर्यंत येतील. मी म्हटलं, येऊ देत, मी घरीच असते.

नव्या बाटलीवर तुझं नाव कुठेच नाही, सुगंधा.